हाड आपोआप सांधते, विद्या सांधावी लागते
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवलेले एक साधे पदवीधर आहोत. अस्थिशल्यविद्येच्या शिक्षणावर आम्ही बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु या सभागृहात असे कुटुंब विरळाच, की ज्यातील कोणाचा खुबा, गुडघा वा मनगट कधी डॉक्टरांच्या हाती गेले नाही. ज्याच्या हाती आपले हाड द्यायचे, तो पदवी मिळाल्यानंतर कसा शिकत राहतो, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला निश्चित आहे.

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत निदान ३० तास निरंतर शिक्षणास द्यावेत, असे म्हटले. नियम योग्यच आहे. परंतु तास मोजता येतात, शिकणे मोजता येत नाही. हजेरीपट भरलेला आणि काम मात्र जेथल्या तेथे, हा प्रकार आम्हा सरकारी माणसांस नवा नाही. मग परिषदेतून खरे ज्ञान केव्हा मिळते? आमचे उत्तर असे, की जेथे यशाबरोबर अपयशही मांडले जाते तेथेच.

बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांचे उदाहरण घ्यावे. प्रत्येक रुग्णाची वर्षभराने पुन्हा तपासणी करावी आणि गुण आला नसेल तर का आला नाही ते लिहून ठेवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या स्वतःच्या लहानशा रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले; त्यांच्या उपचारांतील १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. १९१५ साली डॉक्टरांच्या सभेत त्यांनी वाळूत डोके खुपसलेल्या शहामृगाचे व्यंगचित्र लावले, तेव्हा सभा खवळली आणि त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. आज जगभरच्या रुग्णालयांत मृत्यू व गुंतागुंतीच्या प्रसंगांवर ज्या चर्चासभा होतात, त्यांच्या मुळाशी कॉडमन यांचाच विचार आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या जॉन चार्नली यांचे. कृत्रिम खुब्यासाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन वापरले. ते झिजले आणि शेकडो रुग्णांना त्रास झाला. त्यांनी हे लपवले नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिथिलिन वापरले आणि पुढे कित्येक वर्षे, आपल्याकडे येऊन पद्धत शिकलेल्या शस्त्रवैद्यांनाच तो खुबा मिळावा, असा आग्रह धरला. वस्तू आधी आणि विद्या मागून, हा क्रम त्यांना मान्य नव्हता.

स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली १३ शस्त्रवैद्यांनी एक मंडळ स्थापिले आणि डिसेंबर १९६० मध्ये दाव्होस येथे पहिला वर्ग भरविला. तेथे नुसती व्याख्याने नव्हती. नामांकित शस्त्रवैद्यांनीही हातात हत्यारे घेऊन हाडांवर पट्ट्या व स्क्रू बसविण्याचा सराव केला. शिवाय प्रत्येक रुग्णाची नोंद व क्ष-किरण चित्रे एका ठिकाणी जमविण्याची शिस्त त्यांनी लावली. आपल्याकडील शिकवणाऱ्या रुग्णालयांतही रात्री आलेल्या अस्थिभंगांची चित्रे सकाळी सर्वांसमोर लावतात. शिकाऊ डॉक्टर आपला निर्णय सांगतो आणि वडीलधारे त्याला प्रश्न विचारतात. ही सकाळची बैठक म्हणजे रोजची लहानशी परिषदच होय.

आता आपल्याविषयी. आपण बदलीची माणसे. एका गावी शस्त्रक्रिया होते, सहा महिन्यांनी बिऱ्हाड दुसऱ्या प्रांतात जाते. हाड बरे झाले की नाही, हे त्या डॉक्टरांना कधीच कळत नाही. ज्याला परिणाम कळत नाही, तो परिषदेत काय मांडणार? आणि नव्या गावच्या डॉक्टरांसमोर जुने कागद नसतील, तर तेही अंधारातच चाचपडणार.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. बदलीच्या सामानात भांड्यांबरोबर क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेचा कागद आणि आत बसवलेल्या साधनाचा तपशील जपून न्यावा. वर्ष झाले, की चालणे कसे आहे, दुखते का, हे त्या डॉक्टरांना चार ओळींत कळवावे. गुण आला असेल तर आनंदाने कळवावे आणि नसेल आला तर अवश्य कळवावे. अशा चार ओळींमुळे पुढच्या एखाद्या रुग्णाचा पाय वाचू शकेल.