आधी रूळ, मग इंजिन



स्वागत समितीच्या वतीने चाळीसगावात आपलं मनापासून स्वागत. शासकीय कारभारातलं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि मुक्त मानके, हा या परिषदेचा विषय पुण्या-मुंबईच्या सभागृहांत शोभणारा. तो तालुक्याच्या गावी कशाला, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात आमच्याच समितीचे दोन सभासदही होते! मी छापखानेवाला. संगणकशास्त्र मला कळत नाही. पण सरकारी कागद कुठे अडतो, ते मात्र जवळून पाहिलेलं आहे.

चाळीसगाव जंक्शन. धुळ्याचा फाटा इथून फुटतो. धुळ्याहून आलेले मुंबईचे डबे पूर्वी इथे मोठ्या गाडीला जोडले जायचे. डब्यातला माणूस झोपलेला असला तर झोपलेलाच मुंबईला पोचायचा. आता इथून भुसावळकडे निघा. पाचोऱ्याला आमची लाडकी पी.जे. उभी असायची, जामनेरला जाणारी, अडीच फुटी रुळांची. 2020 पर्यंत ती धावली. तिच्यावर आमचा जीव होता, पण पाचोऱ्याला प्रत्येक बोचकं, प्रत्येक म्हातारी खाली उतरायची आणि गाडी बदलायची. मुख्य मार्ग साडेपाच फुटी. रूळच जुळत नव्हते, तिथे इंजिन कितीही चांगलं असून उपयोग काय?

सरकारी मराठीचं संगणकावर नेमकं हेच झालं. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलं होतं. पण डीटीपीच्या बाजारात प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याची वेलांटी. मागे एका ग्रामपंचायतीचा माणूस जुनी सीडी घेऊन माझ्याकडे आला. नमुना 8, म्हणजे गावातल्या घरांच्या करआकारणीची नोंदवही, पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी टाइप केलेली. फाइल उघडली. आकडे जागच्या जागी. घरमालकांच्या नावांच्या रकान्यात मात्र रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी. तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता, त्याच्याकडे नव्हता, आणि टाइप करणाऱ्याने धंदा कधीच बंद केला होता. शेवटी कागदी वही समोर ठेवून सगळी नावं पुन्हा टाइप केली. एकाच कामाचे पैसे गावाने दोनदा मोजले. छापखानेवाला म्हणून मला दुःख व्हायचं कारण नव्हतं, पण झालं खरं.

आता याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसील कचेऱ्यांची दप्तरं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलवावं लागलं. दाखले शंभर-शंभर वर्षांचे, पण वाचता आले. मोडी शिकायला कुणाचा परवाना लागत नाही, तिचं नूतनीकरण शुल्क भरावं लागत नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून उभं आहे ते याच भरवशावर, की जुना कागद टिकला तर कुणी ना कुणी तो वाचेल. आपल्या फ्लॉप्या आणि सीड्यांबद्दल हा भरवसा कोण देईल?

टिकलेल्या अक्षराचा याहून जुना नमुना आपल्याच तालुक्यात आहे. पाटणादेवीला आपण उद्या जाणार आहोत. तिथला शके 1128 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा पहिला भाग संस्कृत. पण पाटणच्या बाजारातल्या विक्रीवरचं जे उत्पन्न राजाकडे जायचं ते आता मठाला द्यावं, असा व्यवहाराचा मजकूर आला की लेख मराठीत शिरतो. माझ्या मते हा आपल्या तालुक्याचा पहिला शासन निर्णय! आजच्या निर्णयांवर असतो तो संगणक संकेतांक तेवढा नाही.

कागदावर आपल्याकडे धोरणं चांगली आहेत. 2009 मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला राज्य शासनाने मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाणित करणारा निर्णय काढला. 2010 मध्ये केंद्राचं मुक्त मानकांचं धोरण आलं आणि 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं. या शेवटच्या धोरणात एक तरतूद आहे, तिच्याकडे आपलं लक्ष वेधतो: पुरवठादाराने मुक्त स्रोताचा पर्याय दिला नसेल, तर का दिला नाही याचं समर्थन त्यालाच करावं लागतं. किती नगरपरिषदांच्या निविदांत ही ओळ दिसते, हे इथल्या मुख्याधिकाऱ्यांनी एकमेकांना विचारावं. स्टेजवरून नको, चहाच्या वेळी.

आणि युनिकोड आला म्हणजे सगळं सुटलं, असंही नाही. परिपत्रक युनिकोडमध्ये टाइप होतं. मग त्याची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, स्कॅन होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तलाठ्याकडे जातं ते चित्र होऊन. त्यात 'गिरणा' शब्द शोधा, सापडणार नाही. आकड्यांचा तक्ता असेल तर कारकून तो पुन्हा बोटांनी भरतो. 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, शेतकऱ्याचा हेलपाटा वाचला, हे मोठंच काम. पण एका खात्याच्या नोंदी दुसऱ्या खात्याच्या प्रणालीत सरळ जाव्यात, तिथे अजून बऱ्याच ठिकाणी पाचोऱ्याचाच फलाट आहे.

इथे जमलेल्या लिनक्सप्रेमी तरुणांशी माझा थोडा मतभेद आहे, तो पाहुणचाराच्या आड न लपवता सांगतो. तुमचा जोर इंजिनावर, म्हणजे संगणकाच्या प्रणालीवर असतो; माझा रुळांवर, म्हणजे फाइलींच्या स्वरूपावर. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजवली, कारण आधी शिक्षक तयार केले, मल्याळममधून पाठ तयार केले. जर्मनीतल्या म्युनिक शहराने 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले आणि 2017 मध्ये परत फिरायचं ठरवलं. त्याच देशातलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य 2024 मध्ये लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरकडे निघालं. सत्ताधारी बदलतात, तशी इंजिनं बदलतात. फाइल खुल्या स्वरूपात असेल, तर प्रत्येक बदलाला दप्तर पुन्हा टाइप करावं लागणार नाही. म्हणून कचेरीत विंडोज असो की लिनक्स, जतन होणारा कागद ओडीएफ या खुल्या स्वरूपात असावा, मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि जनतेच्या पैशातून लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचा स्रोत करार संपताना कार्यालयाच्या ताब्यात यावा. एवढं झालं की लिनक्सला दार आपोआप उघडेल. तरुणांनी मला दुपारच्या चर्चेत जरूर खोडून काढावं.

साधनांची ओरड आता करता येणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा टंक कुणीही वापरावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. कमी आहे ती तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या परिचालकाला हे शिकायला दोन दिवसांची सुट्टी देणाऱ्या साहेबांची.

परिषदेकडे स्वागत समितीची एकच मागणी आहे. ठराव हवेत तेवढे करा; पण समारोपापूर्वी निविदेत जशीच्या तशी चिकटवता येतील अशी चार-पाच कलमं सोप्या मराठीत लिहून द्या. अर्ध्या पानाच्या वर नकोत, नाहीतर ग्रामसेवक वाचणार नाही. मसुदा ज्या संगणकावर व्हायचा तो मागच्या खोलीत लावून ठेवला आहे. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. ठेचा बाहेरगावच्या पाहुण्यांनी जपून घ्यावा. उद्घाटकांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.