‘वन ऑफ’च्या पुढे काय?

नोकरीच्या अर्जात, शाळेच्या निबंधात, कार्यक्रमाच्या निवेदनात एक वाक्य हमखास भेटते: ‘वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन नाशिक.’ लिहिणाऱ्याच्या मनात असते, ‘माझा एक मित्र नाशिकला राहतो.’ मित्र एकच, म्हणून ‘फ्रेंड’ही एकच राहतो. शिवाय मराठीत मित्र एक असो की दहा, शब्द ‘मित्र’च; अनेकवचनाची खूण लावायची सवय तिथे लागतच नाही.

पण हाच माणूस ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असे बोलताना ‘मित्रापैकी’ कधी म्हणत नाही. निवड अनेकांतून होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. ‘वन ऑफ’ नेमके ‘पैकी’चेच काम करते, म्हणून त्याच्यापुढे ‘फ्रेंड्स’ हवे. शिक्षकांनी फळ्यावर नियम लिहिण्याआधी हे ‘पैकी’ मुलांकडून वदवून घ्यावे. नियम मुलांच्या बोलण्यातच सापडतो.

हा समूह ठरलेलाही लागतो. ‘वन ऑफ स्टुडंट्स’ अपुरे आहे; ‘द’, ‘माय’, ‘दीज’ असे काहीतरी मध्ये हवेच. आणि ‘फर्निचर’सारख्या, इंग्रजीत मोजता न येणाऱ्या नामांना ही रचना चालत नाही. तिथे ‘अ पीस ऑफ फर्निचर’ म्हणावे.

क्रियापदाशी मात्र खरी झटापट होते. ‘वन ऑफ द बसेस फ्रॉम द ओल्ड डेपोज इज लेट’ या वाक्यात ‘इज’च्या अगदी शेजारी ‘डेपोज’ आहे, त्याआधी ‘बसेस’ आहे. दोन अनेकवचने कानावर पडली की हात ‘आर’ लिहून मोकळा होतो. उशीर मात्र एकाच बसला झालेला आहे. कर्ता ‘वन’, म्हणून क्रियापद एकवचनी.

इथपर्यंत वाद नाही. पुढे ‘दॅट’ किंवा ‘हू’ आले की जाणकारही थबकतात. अजिंठ्याचे उदाहरण घेऊ. 1983 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत भारतातली पहिली चार स्थळे आली: अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल. आता ‘अजंता इज वन ऑफ द साइट्स दॅट वेअर लिस्टेड इन 1983’ असे लिहायचे की ‘वॉज लिस्टेड’? यादीत चारही स्थळे आली, ‘दॅट’ त्या चारांकडे बोट दाखवते, म्हणून ‘वेअर’. इंग्रजी भाषेचे कोशकार फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध वापरकोशात अशा ठिकाणी अनेकवचनाचाच आग्रह धरला. नावाजलेल्या इंग्रज लेखकांच्या लेखनात एकवचनही आढळते, आणि त्याला सरसकट अशुद्ध ठरवणे अन्यायाचे होईल. तरी परीक्षेत, अर्जात, छापील मजकुरात अनेकवचनच लिहावे. अर्थाशी ते अधिक प्रामाणिक आहे.

या वाक्यात ‘द ओन्ली’ शिरले की चित्र पालटते. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी या तिन्ही लेण्यांचा उल्लेख आधी झालेला आहे असे समजू. मग ‘एलिफंटा इज द ओन्ली वन ऑफ द थ्री दॅट स्टँड्स ऑन अ‍ॅन आयलंड’ असेच लिहावे लागते. तिघांत बेटावर एकटी घारापुरीच आहे. इथे ‘दॅट’ त्या एकटीचे, आणि ‘स्टँड’ लिहिले तर उरलेली दोन्ही लेणी समुद्रात नेऊन ठेवल्यासारखे होईल.