घरात कोणीतरी असावं



वडील गेले, आई एकटी. मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीला. कोथरूडमध्ये तीन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यातल्या दोन खोल्यांमधला दिवा महिनोन्महिने लागत नाही. एखाद्या रात्री आई बाथरूममध्ये घसरते, शेजारी दुसरी किल्ली शोधत धावतात, आणि लगेच व्हिडिओ कॉलवर सगळं कुटुंब जमतं. ‘आता एकटी राहायचं नाही. आम्ही ब्यूरोशी बोललोय. चोवीस तासांची बाई येईल.’ आई म्हणते, ‘मला काय धाड भरलीय?’ विषय संपला.

ज्येष्ठ नागरिक संघात ही हकिगत अनेकींच्या तोंडून ऐकायला मिळते. त्यांची तक्रार बाईबद्दल नसते. सगळं ठरवून झाल्यावर आपल्याला कळवलं, याचा राग असतो. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हा विषय काढू नये. तेव्हा आईच्या मनात एकच भीती असते, की आपलं घर आता आपल्या हातून चाललं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथं शिकलेली परिचारिकाच हवी. मी बोलतेय ती हिंडत्याफिरत्या, स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या, पण रात्री दाराची कडी दोनदा तपासणाऱ्या आईबद्दल. तिला राखण नको असते. सोबत कदाचित चालेल.

आणि सोबत आपल्याकडे काही नवीन नाही. गावाहून शिकायला आलेला पुतण्या, वार लावून जेवणारा विद्यार्थी, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली आत्या, अशी घरं आजच्या सत्तरीच्या पिढीनं लहानपणी पाहिली आहेत. पुण्यात तर आजही स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुली कॉट बेसिसवर जागा शोधत पेठांमधून फिरतात. मग रिकाम्या खोलीत अशी एखादी मुलगी का नको, असं विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं: ‘भाडेकरू? एकदा शिरला की निघतो का?’

मुलं यावर हसतात. हसू नये. ही भीती हवेतून आलेली नाही. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याखाली भाडेकरूला जागेतून काढणं महाकठीण होतं. त्यावर तोड म्हणून लोक जागा लिव्ह अँड लायसन्सवर देऊ लागले. पुढं त्याच कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारानं राहत असलेले लोक कायद्यानं भाडेकरू ठरले. अकरा महिन्यांसाठी दिलेला ब्लॉक जन्माचा गेला, अशी उदाहरणं त्या काळात घरोघरी सांगितली जात. गंमत म्हणजे मालकाच्या राहत्या घरातल्या पेइंग गेस्टला तेव्हाही हे संरक्षण नव्हतं. पण भीती काही कलमं वाचून बसत नाही.

आज महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणाऱ्यानं जागा सोडायची. नाही सोडली, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि सोडेपर्यंत दुप्पट शुल्क भरावं लागतं. कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ही नोंदणी आता ऑनलाइन, घरी बसून, बोटाचा ठसा देऊन होते. हे सगळं आईला सविस्तर सांगावं. तिच्या ओळखीचा एखादा वकील असेल तर त्यालाच चहाला बोलवावं. आणि सही तिची हवी. घर तिच्या नावावर असताना करार करायला मुलानं विमानानं येण्याचं कारण नाही.

खरी चर्चा सुरू होते ती ओट्यापाशी. फ्रिजमधला कुठला कप्पा कोणाचा? अंडं चालेल का? संध्याकाळची मालिका सुरू असताना मुलीनं फोनवर मोठ्यानं बोलायचं का? रात्री दहानंतर दार कोण उघडणार? सकाळी बाथरूम आधी कोणाला? देवघराला हात लावायचा का, आणि ‘त्या चार दिवसांत’ काय? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण जुळलेल्या बहुतेक सोयी अशाच एखाद्या कारणावरून मोडतात. आणि एक प्रश्न असा, की तो आपण चारचौघांत कबूल करत नाही: आडनाव. आई ते विचारणार. ‘आपल्यातली’ मुलगी हवी, म्हणणार. मला हे मुळीच पटत नाही, आणि मुलांनी ते आईला स्पष्ट सांगावं. पण ते आधी घरात सांगावं. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या पोरीसमोर हा विषय निघाला, तर त्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

दुसरी अडचण कामाची. मुलगी कमी पैशांत राहतेय म्हणून तिनं भाजी आणावी, औषधं आणावीत, मग हळूहळू केर काढावा, मग पाहुण्यांना चहा. फ्रान्समध्ये २०१८ च्या कायद्यानं अशा राहण्यासाठी वेगळा करारच केला: साठीच्या पुढच्या माणसानं आपल्या घराचा भाग तिशीच्या आतल्या तरुणाला माफक मोबदल्यात द्यायचा, आणि सोबत होणारी छोटी मदत ही नोकरी समजायची नाही. २००३ च्या उन्हाळ्यात तिथं उष्णतेच्या लाटेनं सुमारे १५,००० माणसं दगावली. त्यात एकटे राहणारे म्हातारे फार होते. त्यानंतर अशा घरांची चळवळ तिथं वाढली. आपल्याकडे असा खास करार नाही, पण दोन ओळी लिहायला कोणी अडवलेलं नाही: रात्री घरी असणं, आठवड्याला एकदा बाजार. इतकंच. परीक्षेच्या महिन्यात तेही नाही.

आता एक शक्यता, जिची मुलं तयारी करून येत नाहीत. वडिलांना विचारावं, ‘सोबतीला कोणी ठेवू या का?’ आणि वडिलांनी घसा खाकरून सांगावं, ‘माझ्या मनात एक बाई आहेत.’ पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. लग्नच का करत नाहीत, असा प्रश्न येतोच. त्याची कारणं बहुधा अगदी व्यवहारी असतात. केंद्र सरकारच्या नियमांत, अपत्य नसलेल्या विधवेचा अपवाद सोडला, तर पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. सत्तरीच्या बाईनं हक्काचं पेन्शन कशासाठी सोडावं? शिवाय लग्न म्हटलं की दोन्हीकडची मुलं वारसाहक्काचा हिशेब मांडायला बसतात.

तो हिशेब मनात ठेवून वरवर ‘समाज काय म्हणेल’ म्हणत राहण्यापेक्षा, फ्लॅटचं काय, हे मुलांनी सरळ विचारलेलं बरं. वडिलांनीही सरळ सांगावं, मृत्युपत्र करावं, जमलं तर नोंदवावं. मात्र घर मुलांना दिलं तरी, आपल्या पश्चात त्या बाईंना तिथं किती महिने राहता येईल, हे त्यात अवश्य लिहावं. नाहीतर तेरावा होतो, मुलं कुलूप बदलतात, आणि पाच-सहा वर्षं घर सांभाळलेली बाई पातेली आणि साड्या घेऊन भावाच्या दारात उभी राहते.