जुन्या घराची दुरुस्ती आणि सल्लागाराची पहिली भेट
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजचा आमचा विषय व्यासपीठाला शोभणारा नाही. तो केवळ घराचा आहे. साताऱ्याच्या पेठांतून आणि सांगलीच्या गावभागातून आपल्या पुष्कळ कुटुंबांची जुनी घरे अद्याप उभी आहेत. मुले पुण्या-मुंबईहून येतात, मोबाइलवर चित्रे दाखवितात आणि एखाद्या डिझायनरला पाचारण करण्याचे ठरते. तो गृहस्थ दारात येईतो घरातल्या माणसांचे आपापसांत बोलणेच झालेले नसते. मग त्याच्यादेखत जी वादावादी होते, ती आम्ही एकाहून अधिक घरी पाहिली आहे.

प्रथम घर कोणाचे ते पाहावे. मालमत्ता पत्रक काढून आणावे. त्यावर पुष्कळदा दिवंगत आजोबांचेच नाव असते. २००५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे सासरी गेलेल्या बहिणी बोलून दाखवीत नाहीत, म्हणून आपण विसरू नये. त्यांना आधी पत्र घालावे. भिंत पाडल्यानंतर विचारलेली संमती ही संमती नव्हे.

आता घराच्या प्रकृतीकडे वळू. जुन्या वाड्याचा भार बहुधा लाकडी खांब व तुळयांवर असतो. पण तो कोठे भिंतीवर आला आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने दगडमातीच्या घरांचे काय केले, हे सातारकरांना निराळे सांगावयास नको. म्हणून दिवाणखाना मोठा करण्यासाठी एखादा खांब काढण्याची भाषा निघाली, तर प्रथम बांधकाम अभियंत्याचा लेखी अभिप्राय मागावा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा सुचविला गेला, तर ओल बाहेर कशी पडणार, हेही विचारावे.

सांगलीकरांनी आणखी एक गोष्ट करावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. इशाऱ्यानंतरची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी आपल्या भिंतीवर पाणी कोठवर आले, तेथे खडूने रेघ मारून ठेवावी आणि सल्लागाराला पहिल्याने तीच दाखवावी. विजेचे बोर्ड, धान्याची कोठी, कागदपत्रांचे कपाट ही त्या रेघेच्या वर कशी जातील, हे त्याने सांगावे. प्लायवुडची कपाटे पुरात फुगतात. तळमजल्यावर त्यांचा आग्रह कशासाठी?

याहून महत्त्वाची वाटते ती दिनचर्येची नोंद. आठवडाभर एका वहीत लिहावे : पहाटे प्रथम कोण उठते, न्हाणीघराशी खोळंबा केव्हा होतो, वाळवण कोठे घालतात. आमच्या नात्यातील एका घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन तास चर्चा झाली. ऐंशीच्या घरातल्या आजीबाईंना कोणी विचारलेच नाही. त्यांना रात्री न्हाणीघराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, म्हणून त्या सायंकाळनंतर पाणी पिणे टाळीत. सुनेने वही लिहावयास घेतली तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली.

पैशाविषयी थोडक्यात. आकडा आधी आपण ठरवावा आणि काही रक्कम राखून ठेवावी, कारण जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही. 'आर्किटेक्ट' ही पदवी १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी झालेल्यालाच लावता येते. अंतर्गत सजावटकाराला तशी सक्ती नाही. तेव्हा नोंदणी आहे काय, मेहनताना चौरस फुटावर की खर्चाच्या टक्केवारीवर, आणि नगरपालिकेची परवानगी कोणी काढावयाची, हे निःसंकोच विचारावे. विचारण्यात कसला अपमान? सोयरीक जुळविताना आपण याहून अधिक विचारतो!

खोल्यांची मापे फूट-इंचांत काढून ठेवावीत. भेट दिवसा उजेडी, सर्व मंडळी घरी असताना ठेवावी. पाहुण्याने चहाबरोबरच रंगांचे नमुने पुढे केले, तर ते आदराने बाजूस ठेवावे आणि त्याला आधी माळ्यावर नेऊन तुळया दाखवाव्यात.