यंत्रांची कुटुंबे

ग्वाल्हेरच्या नई सडकेवरून लग्नाच्या खरेदीस निघालेला गृहस्थ डाळींसाठी दाल बाजार, लोखंडी सामानासाठी लोहिया बाजार आणि दागिन्यांसाठी सराफा गाठतो. दौलतराव शिंदे यांच्या १८१० मधील छावणीतून वाढलेल्या लष्करात एकेका व्यापाराची पेठ अशी वेगळी वसली. व्यापाऱ्याला ती सोयीची. पायपीट मात्र गिऱ्हाइकाची.

जुन्या धाटणीचा कारखाना असाच असतो. लेथ एका दालनात, ड्रिलिंगची यंत्रे दुसऱ्यात, ग्राइंडिंगची तिसऱ्यात. एखादा लहानसा दांडा या दालनांतून हिंडतो व प्रत्येक दारी रांगेत तिष्ठतो. त्याच्यावर प्रत्यक्ष काम होते थोडा वेळ; बाकीचा वेळ वाट पाहण्यात जातो.

यावर १९५० च्या दशकात लेनिनग्राडचे मित्रोफानोव्ह यांनी सारख्या घडणीच्या भागांचे गट पाडण्याची पद्धत मांडली. पुढे इंग्लंडात बर्बिज यांनी कोणता भाग कोणत्या यंत्रावर जातो याचा तक्ता करून भागांची व यंत्रांची कुटुंबे जुळविली. प्रत्येक कुटुंबाची यंत्रे शेजारी मांडली म्हणजे एक ‘सेल’ तयार होतो.

परंतु पाया खणून बसविलेले यंत्र पुन्हा हलविणे खर्चाचे. म्हणून आधी संगणकात कारखान्याची प्रतिकृती चालवून पाहतात. समजा, सरासरी दर १० मिनिटांनी एक भाग येतो आणि यंत्राला सरासरी ९ मिनिटे लागतात. वरवर पाहता सारे आलबेल! पण भागांचे येणे व कामाचा वेळ ही दोन्ही पूर्णतः अनियमित असतील, तर गणिताप्रमाणे एक भाग तेथे सरासरी ९० मिनिटे अडकतो. कामाचा वेळ ८ मिनिटांवर आणला, तर हाच काळ ४० मिनिटांवर येतो. नुसत्या सरासरीवर विसंबणारा नकाशा असा फसतो. यंत्र बिघडले, कामगार रजेवर गेला, महागडी भट्टी दोन सेलांत सामाईक ठेवावी लागली, तर काय होईल, हेही प्रतिकृतीत आधीच अजमावता येते.

मात्र प्रतिकृतीत भरलेले आकडे खरे हवेत, आणि ते यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराइतके कोणास ठाऊक? सेलमध्ये त्यालाच दोन-तीन यंत्रे सांभाळावी लागतात. त्याला शिकविल्यावाचून व विचारल्यावाचून आखलेली मांडणी पडद्यावर सुरेख चालेल, कारखान्यात अडखळेल. यंत्रे हलविण्यापूर्वी माणसांशी बोलावे, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.