मळ्यातली वस्ती



आमच्या वस्तीवर तुमच्यापैकी बरेच जण हुरडा खाऊन गेले आहेत, म्हणून तिच्याविषयीच बोलतो. दगडमातीच्या भिंती, वर धाबं, दारात कडुनिंब. आजोबांच्या काळी विहिरीवर मोट चालायची, रानात ज्वारी-बाजरीच. मग बारागाव नांदूरला मुळा धरण झालं, 26 टीएमसीचं. कालव्याचं पाणी शिवारात आलं, ऊस उभा राहिला. त्या उसावरच मी शिकलो.

ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्या एकाचा मुलगा वर्गात माझ्या शेजारी बसायचा. उन्हाळ्यात धरण आटलं की तो वडिलांबरोबर जुन्या घराचं जोतं पाहायला जायचा. मला ती सहलच वाटायची. "मलाही ने ना," असं म्हणालो होतो. तो काहीच बोलला नाही.

आता थोरले बंधू म्हणतात, रान चोपण झालंय, पोरं पुण्यात, वस्ती विकून टाकू. त्यांचं चुकत नाही. तरी मी अजून सही केलेली नाही. आम्हाला निदान कोणी विचारतंय तरी.

तो मित्र आज समोर बसलाय. गड्या, या मे महिन्यात मला घेऊन चल.