मुखाभ्यंग : चेहऱ्याची कांती आणि चित्ताची शांती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मला चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. आरंभीच एक गोष्ट नम्रपणे सांगतो. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या मागे हिंदमाता येथील कापडाच्या दुकानात गादीवर बसलो. चाळीस वर्षांहून अधिक काळ हातांनी कापडाचा पोत ओळखला, पण स्वतःच्या चेहऱ्याचा पोत कधी पाहिला नाही. तो पाहण्याची वेळ माझ्यावर आली, म्हणूनच आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

सन २०१७ची दिवाळी. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप सांडू लागले. सौ. म्हणाली, "अहो, जरा आरशात बघा. तोंड असं वाकडं का दिसतंय?" आरशात पाहिले आणि पायाखालची जमीन सरकली. डावा डोळा मिटत नव्हता, डावा गाल लोंबत होता. हसण्याचा प्रयत्न केला, तर अर्धा चेहरा हसला आणि अर्धा तसाच राहिला. व्यापाऱ्याचे अर्धे भांडवल तिजोरीत असते आणि अर्धे त्याच्या चेहऱ्यावर. ऐन हंगामात माझे ते अर्धे भांडवल एका रात्रीत गेले होते.

घरी येणाऱ्या प्रत्येकाने सल्ला दिला. एका परिचितांनी लकव्यावर हमखास उपाय करणाऱ्या एका मालिशवाल्यास पाठविले. त्याने दोन दिवस गालावर आणि जबड्यावर इतक्या जोराने तेल चोळले की घास चावणे कठीण झाले. डोळा मिटत नसल्यामुळे ते तेल डोळ्यात उतरले आणि डोळा लालबुंद झाला. दोष मी त्या माणसास देत नाही. बहात्तर तासांची किंमत ज्याला कळली नाही, तो मी होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मुलाने माझे काही एक न ऐकता मला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी प्रथम भुवया वर उचलण्यास सांगितले. डाव्या बाजूला कपाळावर एकही आठी पडली नाही. ते म्हणाले, "ही मेंदूतील बिघाडाची खूण नव्हे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आली आहे." सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाच्या नावाने या विकाराला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. चेहऱ्याचा हा मज्जातंतू कवटीतील हाडाच्या अरुंद नलिकेतून जातो. तो सुजला की तेथेच दाबला जातो आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. परंतु पहिल्या बहात्तर तासांत सूज उतरविणारे स्टेरॉइड औषध सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. स्कॉटलंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात हे औषध घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते. न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. माझे औषध तिसऱ्या दिवशी, म्हणजे अगदी काठावर सुरू झाले.

येथे आपणां सर्वांना कळकळीची विनंती आहे. तोंड वाकडे झाले, पण कपाळावर दोन्ही बाजूंस आठ्या पडतात, हात-पाय लुळा पडतो, बोलणे अडखळते, असे दिसल्यास तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. तेथे मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे होताच आठ्या मोजत घरी बसू नये, तेल शोधू नये. थेट रुग्णालय गाठावे. निदान डॉक्टरांना करू द्यावे.

मग मालिशचे स्थान कोठे? डॉक्टरांच्या संमतीने मी एका वृद्ध वैद्यराजांकडे गेलो. त्यांनी प्रथम मालिशवाल्याने केलेल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि मग समजावून सांगितले. चेहऱ्याच्या या विकारास आयुर्वेदात 'अर्दित' म्हणतात. चरकसंहितेत त्यावर नस्य, मस्तकावर तेल आणि शेक असे उपचार सांगितले आहेत, रगडणे नव्हे. त्वचा हे स्पर्शाचे स्थान, स्पर्शात वायू प्रधान आणि वायूवर तेलासारखे दुसरे औषध नाही, असा हा विचार आहे. चरकाचार्यांनी दाखलाही व्यवहारातला दिला आहे. तेलाने मडके, चामडे आणि गाडीचा आस जसा टिकाऊ होतो, तसे अभ्यंगाने शरीर दृढ होते.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली. आज ज्यास 'फेशियल' म्हणतात तसा केवळ चेहऱ्याचा वेगळा विचार जुन्या ग्रंथांच्या दिनचर्येत नाही. वाग्भटाचार्य रोज अभ्यंग करण्यास सांगतात आणि मस्तक, कान व तळपाय यांवर विशेष भर देतात. डोक्यास नित्य तेल लावल्याने इंद्रिये प्रसन्न होतात, चेहऱ्याची त्वचा चांगली होते आणि सुखाची झोप लागते, असे चरकसंहिता म्हणते. म्हणजे चेहऱ्याची कांती हे मूळ नव्हे, फळ आहे. चेहऱ्यावर लावावयाचा 'मुखलेप' अष्टांगहृदयात वेगळा सांगितला आहे. तेथे पथ्यही मोठे मार्मिक आहे. लेप लावला असता फार बोलू नये, ऊन व अग्नी टाळावा, शोक आणि क्रोध करू नये. लेप वाळला की तो तसाच ठेवू नये. ओला करून काढावा आणि नंतर तेल लावावे. कोऱ्या कापडाची खळ पहिल्या धुण्यात निघून जाते, तशीच वरवरची चमक निघून जाते. चमक टिकावी असे वाटत असेल, तर आधी क्रोध उतरला पाहिजे.

हे ग्रंथ छापील रूपात घरोघरी पोहोचविण्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. काळबादेवीच्या कोलभाट लेनमधील निर्णयसागर छापखान्याने चरकसंहिता आणि अष्टांगहृदय यांच्या शुद्ध आवृत्त्या काढल्या. आचार्य यादवजी त्रिकमजींनी संपादित केलेली चरकसंहिता आजही अभ्यासक प्रमाण मानतात. १८७२ साली पनवेलला सुरू झालेल्या धूतपापेश्वरचे नाव गिरगाव-खेतवाडीत सर्वांस ठाऊक आहे. दादरच्या गोखले रोडवर झंडूचा कारखाना होता. वरळीचे पोदार आयुर्वेद रुग्णालय आजही सर्वसामान्यांच्या सेवेत आहे. आणि बाटल्यांची किणकिण करीत गिरगाव चौपाटीवर फिरणारे चंपीवाले कोणाला आठवत नाहीत? या 'चंपी'चाच प्रवास पाटण्याच्या दीन महोमेदबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाला आणि 'शाम्पू' हा शब्द जगभर गेला.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की, देहावरील ममत्व सोडण्यास सांगणाऱ्या आपल्या धर्मात तेल-मालिशचे काय काम? प्रश्न योग्य आहे. दशवैकालिक सूत्रात अंगाभ्यंग आणि विभूषा या गोष्टी साधूंसाठी अनाचरणीय सांगितल्या आहेत. परंतु पर्युषणात आपण जे कल्पसूत्र श्रवण करतो, त्यात सिद्धार्थ राजाच्या प्रभातीचे वर्णन आठवा. व्यायामशाळेत परिश्रम झाल्यावर शतपाक आणि सहस्रपाक तेलांनी, कोमल तळहातांच्या कुशल पुरुषांकडून राजाचे मर्दन होते. ते मर्दन अस्थी, मांस, त्वचा आणि रोम या चारही ठिकाणी सुखकर होते, असे तेथे म्हटले आहे. आणि श्रावकाचा आदर्श म्हणाल तर उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक पाहा. कोट्यधीश गाथापती! त्याने भगवान महावीरांसमोर व्रत घेताना अभ्यंगासाठी शतपाक व सहस्रपाक ही दोनच तेले ठेवली आणि बाकी सर्वांचा त्याग केला. उटणेही एकच ठेवले. साधूसाठी त्याग, श्रावकासाठी परिमाण, अशी ही मर्यादा आहे. आज आरशासमोर दहा-पंधरा बाटल्या मांडणाऱ्या आपल्या घरांनी आनंद श्रावकाचा हा हिशेब जरूर लक्षात घ्यावा.

तसेच वस्तूची पारख करावी. अनेक तयार लेपांत मध असतो. चेहऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कुंकुमादी तेलाच्या मूळ पाठात केशर, चंदन, ज्येष्ठमध यांबरोबर लाखही आहे आणि लाख कीटकांपासून मिळते. म्हणून बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय घेऊ नये. आपल्याच परंपरेतील उग्रादित्याचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस आणि मध टाळून चिकित्सा करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. हा ग्रंथ १९४० साली आपल्या महाराष्ट्रात, सोलापुरातून प्रकाशित झाला, ही अभिमानाची बाब आहे.

वैद्यराजांनी मला सांगितलेली रीत सोपी होती. सकाळी स्नानापूर्वी, रिकाम्या पोटी, कोमट तिळाच्या तेलाचे आठ-दहा थेंब तळहातावर घ्यावेत. कपाळाच्या मध्यापासून कानशिलांकडे, हनुवटीपासून कानांकडे, नाकाच्या बाजूने गालांवर, बोटांच्या पेरांनी हलकेच फिरवावे. डोळ्यांच्या जवळ तेल नेऊ नये. पाच-सात मिनिटे पुरेत. मग कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती कापडाचा शेक घ्यावा. ताप, अजीर्ण, सर्दी असताना किंवा चेहऱ्यावर पुटकुळ्या, जखम असताना करू नये. ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांनी विचारूनच करावे.

माझा हात थरथरत असे, म्हणून हे काम सौ.ने घेतले. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांसमोर पाच मिनिटे स्वस्थ बसलो नव्हतो. ती रोज सकाळी माझ्या लुळ्या गालावरून बोटे फिरवीत असे आणि मी डोळे मिटून, एक डोळा पट्टीने मिटवून, बसत असे. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी ती एकदम थांबली आणि म्हणाली, "हलला! गाल हलला!" तिच्या डोळ्यांत पाणी होते. तीन महिन्यांत चेहरा पूर्ववत झाला. मालिशने मला बरे केले, असे मी म्हणणार नाही. औषधाने आणि निसर्गाने बरे केले. परंतु त्या तीन महिन्यांत मी खचलो नाही, रात्री झोपलो, माणसांसमोर यावयास लाजलो नाही, याचे श्रेय त्या रोजच्या पाच मिनिटांचे आहे.

पुढे २०१९ मध्ये आई अंथरुणास खिळली. वय अठ्ठ्याऐंशी. ती कोणास ओळखेनाशी झाली होती. मी आयुष्यभर तिच्या पाया पडलो, पण तिच्या कपाळावर कधी हात ठेवला नव्हता. दुकानात जाण्यापूर्वी रोज दहा मिनिटे मी तिच्या कपाळावर आणि गालांवर तेलाचा हात फिरवू लागलो. ती बोलत नसे. मात्र कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल होत आणि ती झोपी जाई. तिच्या अखेरच्या चार महिन्यांत मला तिची एवढीच सेवा करता आली. हे मी दहा वर्षे आधी का केले नाही, याची खंत आजही आहे.

आपल्याकडे सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य, म्हणजेच सेवा, हे एक तप सांगितले आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने अनेक संकल्प केले आहेत. माझी एक छोटी विनंती आहे. ट्रस्टच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस वैद्य व फिजिओथेरपिस्ट यांच्या देखरेखीखाली ज्येष्ठांची अशी सेवा कशी करावी, याचे शिक्षण तरुणांना द्यावे. तेलाच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाची जबाबदारी मी आनंदाने घेतो. आणि प्रत्येकाने आज घरी गेल्यावर आपल्या आई-वडिलांच्या कपाळावर एकदा हात ठेवून पाहावा. त्यास खर्च काहीच नाही.

माझ्या बोलण्यात शास्त्राविरुद्ध काही आले असल्यास, किंवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!